उष्टा कप

कागदी कप रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा. सकाळी कागद लिबलिबीत झालेला असतो. अंगठ्यानं हलकेच चोळत गेलं की लगदा सुटत जातो आणि हातात उरतो एक पारदर्शक पापुद्रा. सापाची कात असावी तसा, पण कपाच्या आकाराचा. फुंकर मारली की फुगतो, पाणी ओतलं की धरून ठेवतो. म्हणजे चहा धरून ठेवायचं काम कागद करतच नव्हता. कागद नुसता उभा राहायला होता.

हा उद्योग मी पहिल्यांदा केला तो आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सहा-सात वर्षांपूर्वी. पातेल्यात तरंगणारे बारा कप बघून आईनं विचारलं, "हे काय आणि?" म्हटलं, "ऑफिसचं काम आहे." तिला ते पटलं नाही. पातेलं मात्र तिनं नंतर दोनदा घासून घेतलं.

मी पॅकेजिंग डिझाइन करते. खोकी, पाकिटं, बरण्यांची लेबलं. भोसरीतल्या एका लहान कारखानदाराला 'इको-फ्रेंडली' कप काढायचा होता. त्याच्या अटी सरळ होत्या. उकळता चहा दहा मिनिटं टिकला पाहिजे, गळता कामा नये, आहे त्याच मशिनवर निघाला पाहिजे, आत्ताच्या कपापेक्षा पाच-दहा पैशांहून जास्त महाग पडता कामा नये, आणि फेकल्यावर "मातीत गेला पाहिजे". शेवटची अट सांगताना त्यानं हातानं जमिनीकडे खूण केली होती, जणू काही पेरायचंच आहे.

कप तयार होताना बघणं हा एक छान वेळ घालवायचा प्रकार आहे. आधी कागदाचे पंख्यासारखे तुकडे कापलेले असतात. मशीन एकेक तुकडा ओढतं, साच्याभोवती गुंडाळतं आणि गरम पट्टीनं उभा सांधा दाबतं. खालून गोल चकती येते, तिची कड आत वळते, पुन्हा उष्णता, पुन्हा दाब. शेवटी वरचा काठ बाहेरच्या बाजूला वळून तो ओठाला लागणारा गोल कंगोरा तयार होतो. मिनिटाला साठ-सत्तर कप. मी तासभर बघत उभी होते आणि गोंदाची बाटली शोधत होते. गोंद नव्हताच. कागदावर बसलेला पॉलिथिनचा तो पातळ थर वितळतो आणि स्वतःच चिकटतो. वजनात पाहिलं तर कपाचा विसावा हिस्सा, पण पाणी अडवायचं कामही त्याचंच आणि कप जोडायचंही त्याचंच. तो काढला की कपही राहत नाही.

तरीही आम्ही प्रयत्न केले. मक्याच्या स्टार्चपासून बनतं ते पीएलए. नुसत्या पीएलएचा पेला साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, चहा ओतल्यावर लाजल्यासारखा वाकतो. कागदावर थर म्हणून दिला तर मात्र चांगला चालतो. पण तो मातीत जायचा तर माती साधी चालत नाही. कंपोस्टच्या मोठ्या प्रकल्पात, साठ अंशांच्या जवळपास, कित्येक आठवडे ठेवावा लागतो. कुंडीत पुरलेला माझा नमुना दोन पावसाळ्यांनंतरही ओळखू येत होता. मग पाण्यात मिसळून लावायचे नवे लेप आले. त्यांचा कागद पुन्हा लगदा करायला सोपा. पण सांधा नीट बसण्यासाठी उष्णता अगदी मोजकी लागते. थोडी कमी पडली की सुटतो, थोडी जास्त झाली की करपतो. भोसरीतली वीज आणि ते जुनं मशीन यांच्यात तेवढा नेमकेपणा कुठला? दर शंभरातले काही कप बुडाशी पाझरायचे. उसाच्या चिपाडाचा लगदा साच्यात दाबूनही पाहिला. महाराष्ट्रात राहून चिपाडाचा विचार मनात येणार नाही असं होणारच नाही. ताटल्या सुरेख निघतात. कप जाड होतो, ओठाला खरखरतो आणि दर ऐकून कारखानदार हसतो.

या सगळ्यात एक प्रश्न मी सुरुवातीलाच विचारायला हवा होता. तो विचारला आमच्याकडे ओला-सुका कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी. मी त्यांना कौतुकानं दोन कप दाखवले, एक साधा आणि एक 'चांगला'. त्यांनी दोन्ही हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "भंगारवाला दोनीबी घेत नाही. आम्ही कशाला उचलायचे?"

कागद विकला जातो, प्लॅस्टिक विकलं जातं. दोन्ही एकमेकांना चिकटलेलं असेल तर त्याला भाव नाही. इंग्लंडमध्ये २०१८ साली संसदेच्या पर्यावरणविषयक समितीनं हिशोब मांडला होता. तिथं वर्षाला अडीच अब्ज कॉफीकप फेकले जात होते आणि चारशेतला एकसुद्धा पुनर्वापरासाठी जात नव्हता. समितीनं प्रत्येक कपावर २५ पेन्स आकार लावायला सुचवलं, सरकारनं ते मानलं नाही. हे झालं इंग्लंडचं, जिथं कचऱ्याच्या पेट्या रंगवार असतात. आमच्या टपरीशेजारी एक जुना तेलाचा डबा असतो. संध्याकाळी तो ओसंडून वाहतो आणि वरचे कप वाऱ्यानं रस्त्यावर गडगडत जातात.

कप काही जमेना तेव्हा मी त्याची जन्मकथा वाचायला घेतली. काम अडलं की इतिहासात शिरायचं, ही माझी जुनी पळवाट आहे.

मला वाटत होतं, फेकायचा कप म्हणजे घाईचं अपत्य. लोकांना वेळ नव्हता, म्हणून तो आला. तसं नाही. तो आला उष्ट्याच्या भीतीतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टेशनांवर, शाळांत, आगगाडीच्या डब्यांत पाण्याच्या पिंपाला साखळीनं बांधलेला एकच पत्र्याचा पेला असायचा. येईल त्यानं त्यातूनच प्यायचं. क्षयाची साथ होती. कॅन्सास राज्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांनी १९०९ मध्ये गाड्यांतून आणि शाळांतून हा सामाईक पेला बंद करायला लावला. त्याच्या आदल्या वर्षी अल्विन डेव्हिसन नावाच्या प्राध्यापकांनी शाळेतले पेले सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांवर काय काय चिकटलेलं आहे ते छापून टाकलं होतं. बॉस्टनचे वकील लॉरेन्स लुएलन यांनी त्याच सुमाराला कागदी पेला काढला. त्याचं एक नाव होतं 'हेल्थ कप', आरोग्याचा पेला. पुढे १९१८ ची फ्लूची साथ आली आणि धंदा चांगलाच चालला. १९१९ मध्ये नाव बदलून 'डिक्सी' झालं. ते शेजारच्या बाहुल्यांच्या कारखान्याचं नाव होतं, आवडलं म्हणून उचललं. तेव्हा पेल्याला आतून मेण असायचं. थंड पाण्याला ते पुरे होतं. गरम कॉफी ओतायची वेळ आली तेव्हा मेण वितळू लागलं आणि पॉलिथिनचा प्रवेश झाला.

हे वाचलं आणि मला आमच्या आजीच्या घराचं परसदार आठवलं.

परसदारी, न्हाणीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक कप असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. बशी नव्हती. शेतावरून अमुक एक माणूस निरोप घेऊन आला की आजी त्याला चहा द्यायचीच. माझी आजी कुणाला चहाशिवाय जाऊ द्यायची नाही, हे गावभर माहीत होतं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. तो माणूस कोनाड्यातून कप स्वतः काढायचा, खाली ठेवायचा. आजी पातेल्यातून वरून धार सोडायची, थेंब न सांडता. पिऊन झालं की तो कप स्वतः विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. कुणी काही बोलायचं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा खेळताना मी त्या कपात चिंचोके भरले, तर आजीनं ते परसात फेकून दिले आणि माझे हात राखेनं घासले. रागावली नाही. नुसती घासत राहिली.

अमेरिकेतल्या पेल्यावर निदान सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी दिसलं होतं.

आपल्याकडे पाणी आणि पेला हे कधीच साधे नव्हते. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायलं, त्याला सत्याग्रह म्हणावं लागलं. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरत होते, म्हणजे तेव्हाही ते म्हणायची गरज होती. तमिळनाडूत चहाच्या दुकानांतल्या वेगळ्या पेल्यांसाठी 'दोन पेल्यांची पद्धत' असं नावच पडलं होतं. अशा देशात फेकायचा कप येतो तेव्हा तो नुसता कचरा घेऊन येत नाही. सगळ्यांना एकच कप, नवा, कुणाचाच नसलेला, प्यायचा आणि टाकायचा. कुणी आधी प्यालं हा प्रश्नच नाही. या बाबतीत मला त्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे आभार मानावेसे वाटतात, आणि असं वाटतं याची लाजही वाटते. माणसांनी सोडवायचं ते आपण पॉलिथिनवर सोपवलं.

मातीचा कुल्हड हाही मुळात त्याच भीतीचा तोडगा, फक्त दिसायला देखणा. २००४ मध्ये लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना त्यांनी स्टेशनांवर कुल्हड आणायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं होतं. आजही आपल्याकडे कुल्हडचा चहा म्हटलं की लोक फोटो काढतात. मलाही आवडतो. तो मातीचा वास, ओठाला चिकटणारा काठ. पण "मातीतून आला, मातीत गेला" हे जे म्हणतात ते खरं नाही. माती एकदा भट्टीत भाजली की पुन्हा माती होत नाही. तिचं खापर होतं. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांबद्दल जे कळलं, त्यातलं कितीतरी खापरांनी सांगितलं. तांबूस, काळ्या रेघांची जोर्वे भांडी, तोटीची, गोल बुडाची. त्या माणसांची घरं गेली, भाषा गेली. फुटकी भांडी आहेत. ब्रिटिश म्युझियमनं २०१९ मध्ये क्रीट बेटावरचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा मातीचा पेला अलीकडच्या कागदी कपाच्या शेजारी मांडला होता. तोही मेजवानीत पिऊन टाकून द्यायचा पेला. म्हणजे ही खोड आपली एकट्याची नाही.

शिवाय भाजायला लागणारं जळण वेगळंच. कुंभाराला काम मिळतं ही मात्र खरी जमेची बाजू, आणि कुल्हडच्या बाजूनं बोलायचं तर एवढ्यावरच बोलावं.

मग मला एक स्पर्धा सापडली. २०१० साली 'बीटाकप' नावानं इंटरनेटवर खुली झालेली. प्रायोजक स्टारबक्स. विषय असा की फेकल्या जाणाऱ्या कॉफीकपांवर तोडगा काढा. चारशेच्या वर कल्पना आल्या. घडी होणारे कप, खाता येणारे कप, नाना परी. मी अधाशासारखी एकेक पाहत गेले, कारण माझ्या वहीतली निम्मी चित्रं तिथं आधीच काढलेली होती. पहिलं बक्षीस मिळालं 'कर्मा कप'ला. तो कपच नव्हता. तो एक फळा होता, खडूनं लिहायचा, काउंटरशेजारी लावायचा. जो स्वतःचा कप घेऊन येईल त्यानं फळ्यावर एक खूण करायची. दर दहाव्या माणसाला त्याची कॉफी फुकट. बस्स.

मला आधी राग आला. आम्ही इथं सांधे चिकटवतोय आणि बक्षीस फळ्याला! दोन-तीन दिवसांनी राग गेला, कारण टपरीवर उभं राहून मी तोच फळा शोधायला लागले होते आणि तो आपल्याकडे कधीपासूनच होता. तारेचं स्टँड. सहा काचेचे ग्लास बसतात असं, वर धरायला कडी. पोऱ्या ते घेऊन बाजारातल्या दुकानांतून फिरतो, तासाभरानं रिकामे गोळा करत परत येतो. भिंतीवर खडूच्या उभ्या रेघा, कुणाचे किती झाले त्याच्या. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरानं २०१६ मध्ये एक युरो अनामत घेऊन परत करायचे कप सुरू केले. २०२३ च्या जानेवारीपासून तर तिथल्या बहुतेक हॉटेलांना बांधून न्यायच्या पेयासाठी परतीच्या कपाचा पर्याय द्यावाच लागतो. चांगलंच आहे. पण आमच्या लक्ष्मी रोडवरच्या कापडवाल्याकडून कुणी कधी ग्लासाची अनामत घेतली नाही. तो ग्लास परत जाणार हे त्याला आणि पोऱ्याला दोघांनाही माहीत होतं.

कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये ऊर्जेचा हिशोब मांडला होता. कागदी कपाशी बरोबरी करायला चिनीमातीचा कप ३९ वेळा वापरावा लागतो आणि काचेचा ग्लास १५ वेळा. त्यात यंत्रानं गरम पाण्यात धुण्याचा खर्चही धरलेला. पंधरा वेळा! टपरीवरचा ग्लास पंधरा वेळा दुपारच्या आत वापरून होतो. हा आकडा मी माझ्या टपरीवाल्या मामांना मोठ्या उत्साहानं सांगितला. त्यांनी गाळणी आपटली आणि म्हणाले, "ताई, धुणारा कुठून आणू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्वी धुणारा असायचा, दहा-बारा वर्षांचा. बादलीतल्या गार पाण्यात दिवसभर हात घालून त्याची बोटं पांढरी पडलेली असायची. हॉकिंगच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. आता तो टपरीवर दिसत नाही हे चांगलं झालं, आणि तो शाळेत गेला असेल अशी आपली समजूत. त्याची जागा मोठ्या माणसानं, मोठ्या माणसाच्या पगारावर घ्यायची तर कटिंगचा भाव वाढला पाहिजे. तो आपण देणार का? मी देते म्हणाले, तर मामा म्हणाले, "तुमी एकट्या पिता का?"

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, जुलै २०२२ मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी कपसुद्धा तिच्यात आले. तमिळनाडूनं हे २०१९ च्या सुरुवातीलाच केलं होतं. तमिळनाडूतले कपवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ मध्ये तिथंही कपांवरची बंदी टिकली. मधल्या काळात, २०२० मध्ये, आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की गरम पाणी पंधरा मिनिटं कागदी कपात राहिलं तर शंभर मिलिलिटरमध्ये प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. ज्याची सुरुवात 'आरोग्याचा पेला' म्हणून झाली त्याची ही गत. आणि तरी परवा टपरीवर एकजण म्हणत होता, "मामा, डबल कप द्या, चटका बसतो." मामांनी एकात एक दोन कप घालून दिले.

भोसरीचं काम शेवटी झालं नाही. मी कारखानदाराला सांगितलं की कप मी बदलू शकते, पण तो मातीत जाईल असं छापू शकत नाही. त्यानं माझी फी दिली, चहा पाजला (त्याच्याच कपात), आणि दुसऱ्या कुणाकडून हिरवं पान काढून घेतलं. ते पान चांगलं काढलंय, हे मान्य केलं पाहिजे. पिंपळाचं आहे.

मी मग निदान स्वतःपुरतं करावं म्हणून घरचा स्टीलचा छोटा ग्लास टपरीवर न्यायला लागले. पंधरा दिवसांनी मामाच म्हणाले, "रोज कशाला आणता? ठिवा इथं." त्यांनी तो बरण्यांच्या मागं, फळीच्या कोपऱ्यात पालथा घातला. मी आले की तिथून काढायचे, चहा द्यायचे. मी पिऊन झाल्यावर विसळून परत तिथंच पालथा ठेवायची. नवीन आलेला पोरगा एकदा त्यात दुसऱ्याला चहा ओतायला लागला तर मामा ओरडले, "तो नाय, तो ताईंचा वेगळा."

कोपरा, पालथा ग्लास, स्वतःच विसळणं. सगळं तसंच होतं. फक्त वेगळं कुणाला राहायचंय ते इथं मी ठरवलेलं होतं. आजीच्या कोनाड्यात तसं नव्हतं. मला हे दिसायला तीन महिने लागले.

गेल्या आठवड्यात मी दुपारी उशिरा गेले. रस्त्याचं काम चाललं होतं, कामगारांची गर्दी होती, मामांचे कागदी कप संपलेले. माझा ग्लास फळीवर नव्हता. समोर फूटपाथच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात होता. डांबरानं काळी झालेली बोटं, तो सावकाश फुंकर मारत पीत होता. मामांनी मला पाहिलं, जीभ चावली. "धुऊन देतो हां ताई, दोन मिनिटं."

म्हाताऱ्यानं ग्लास आणून दिला. मामांनी तो बादलीत बुचकळला, एकदा, मग माझ्याकडे बघून आणखी एकदा. मी "असू द्या" म्हणाले, पण दुसऱ्यांदा बुचकळून झाल्यावर म्हणाले.